दुखत नाही, म्हणून…



आम्ही कवी मंडळी वेदनेचं फार कौतुक करतो. आज मात्र मला वेदना नसण्याबद्दल बोलायचं आहे, आणि तेही साध्या पायाच्या तळव्यातली.

मधुमेह बरीच वर्षं अंगात मुरला की पायांच्या मज्जातंतूंना इजा होऊ लागते. अनेकांना आधी मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते. मग हळूहळू सगळं शांत होतं. माणसाला वाटतं, बरं झालं! प्रत्यक्षात राखणदार झोपलेला असतो. चपलेत खडा शिरला, सायलेन्सरचा चटका बसला, तरी पत्ता लागत नाही. त्याच पायावर दिवसभर चालणं होतं, जखम चिघळते आणि वेळ गेली तर बोट, कधी पाऊलही कापावं लागतं.

आमच्या खाला वजूला पाचही वेळा पाय स्वच्छ धूत. पण पुसत नसत. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, त्यातून जखम झाली. डॉक्टरांकडे चला म्हटलं की म्हणायच्या, "दुखत नाही रे, मग कशाला?" त्यांचं एक बोट गेलं ते या एका वाक्यापायी. वजू असो की आंघोळ, बेचक्या कोरड्या करायला अर्धा मिनिट पुरतो.

हे शहाणपण आपल्याला कुष्ठरुग्णांकडून मिळालं आहे. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिलं, की दुखत नाही म्हणून इजा होत राहते आणि बोटं त्यात जातात. रात्री उंदीर बोटं कुरतडत, तरी झोपलेल्याला जाग येत नसे. मग घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर चक्क मांजर दिलं जाई! कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी वापरात आलेल्या मऊ रबराच्या 'एमसीआर' चपला आज मधुमेहींनाही सांगितल्या जातात. काहीजण त्या घालायला लाजतात; 'त्या' रोग्यांच्या चपला म्हणून. या लाजेची किंमत पायानं मोजावी लागते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि आपण तर उंबऱ्याबाहेर जोडे काढणारी माणसं. घरात वापरायची वेगळी चप्पल ठेवा. उन्हाळ्यात दुपारी मशिदीचं सहन काय किंवा देवळाची फरशी काय, सारखीच तापते. तिथं सुती मोजे घाला, शक्यतो पांढरे, म्हणजे रक्ताचा डाग लगेच दिसेल. पाय बधिर असताना अनवाणी वारीचा नवस बोलू नये. चप्पल घातली म्हणून पांडुरंग रागावेल, असं मला तरी वाटत नाही.

रोज रात्री दिव्याखाली पाय पाहावेत. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवा, नाहीतर नातवाला बोलवा. पोरांचे डोळे तेज असतात. भेगांना तेल किंवा मलम लावा, बेचक्यांत मात्र नको. पाय गरम पाण्यात बुडवून शेकू नका. कुरूप ब्लेडनं कापणं, त्यावर बाजारातली पट्टी चिकटवणं, जखमेवर चुना किंवा हळद भरणं, हे सगळं बंद. नखं सरळ कापा. बूट घालण्याआधी आत हात फिरवा. नवे घ्यायचे तर संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. तंबाखू-विडीनं पायाचा रक्तपुरवठा आटतो, हे वेगळं सांगायला नको. आणि फोड, लाली, सूज, पाणी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा बारीक तंतू असतो. डोळे मिटायला सांगून तो तळव्याला टेकवतात आणि विचारतात, "लागतंय का?" दोन-चार मिनिटांचं काम. दवाखान्यात गर्दी असली, डॉक्टर घाईत असले, की तेवढंच राहून जातं. अशा वेळी संकोच न करता आपणच मोजे काढावेत आणि पाय पुढे करावेत.