नवस आणि कौल

नवस म्हणजे देवाशी केलेला करार. मूल होऊ दे, आजारी माणूस उठून बसू दे, कोर्टातला दावा सुटू दे, मग अमुक करीन, असं देवासमोर बोलायचं आणि काम झालं की ते फेडायचं. न फेडलेला नवस घराला बाधतो अशी समजूत आहे. त्यामुळे आजीचा राहून गेलेला नवस नातूसुद्धा फेडतो.

खण-नारळानं देवीची ओटी भरणं हा सर्वांना परवडणारा नवस. मुलासाठी बोललेला असेल तर देवळात पाळणा बांधतात, नाहीतर बाळाची तुला करतात: तराजूच्या एका पारड्यात बाळ, दुसऱ्यात गूळ किंवा पेढे. काटा बरोबर आला की तो गूळ जमलेल्यांना वाटायचा.

एक रीत मात्र क्रूर होती. मूल झालं तर खंडोबाला वाहीन, असा नवस बोलला जाई. मुलगा वाघ्या होई, मुलगी मुरळी. मुरळीचं लग्न देवाशी लावत, म्हणजे संसाराची वाट तिला कायमची बंद. नवस आईबापांचा, फेड लेकीच्या आयुष्याची. याला श्रद्धा म्हणून सोडून देता येत नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी या प्रथेविरुद्ध चळवळ केली. पुढे १९३४ साली मुंबई प्रांतात देवाला मुली वाहण्याविरुद्ध कायदा झाला.

देवाचं उत्तर जाणून घ्यायचं तर कौल लावतात. कोकणात गुरव गाऱ्हाणं घालतो, मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवलेले असतात. उजवीकडचा कौल सुटला तर साधारणपणे होकार, डावीकडचा सुटला तर नकार. गोव्यात यालाच प्रसाद घेणं म्हणतात. लग्नकार्य, घरबांधणी, शेताची वाटणी, कशासाठीही कौल मागितला जातो.

वाईजवळच्या बावधनला नवस आणि कौल एकत्र येतात. नवस बोललेल्यांपैकी यंदाचा बगाड्या, म्हणजे बगाडाला टांगून घेणारा, कोण, हे होळी पौर्णिमेला भैरवनाथाच्या देवळात कौल लावून ठरतं. रंगपंचमीला त्याला बगाडाच्या, म्हणजे लाकडी गाड्याच्या, उंच शिडाला टांगतात आणि बैलांच्या जोड्या लावून ते अवजड बगाड शेतांतून गावाकडे ओढत आणतात. पूर्वी बगाड घेणाऱ्याच्या पाठीत लोखंडी गळ टोचत. ब्रिटिश अमलात त्यावर बंदी आली, आणि आता माणसाला बांधून टांगतात.