टिकणारा आनंद



आजच्या मंगल दिवशीं आनंदाविषयींच दोन शब्द बोलावे, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १५२१ च्या मे महिन्यांत पांप्लोना येथें तोफगोळ्यानें पाय मोडलेला इग्नाशियस लोयोला आपल्या घरीं अंथरुणास खिळला होता. करमणुकीस त्यानें शूरांच्या कथा मागितल्या. घरांत मिळालीं तीं ख्रिस्तचरित्र व संतचरित्रें. कधीं तो दरबारी पराक्रमाचीं स्वप्नें पाही, कधीं संतांच्या अनुकरणाचीं. गोडी दोहोंतही होती. परंतु पहिलीं सरलीं कीं मन कोरडें पडे, दुसरीं सरल्यावरही प्रसन्न राही. हा भेद ध्यानीं आला, तेथून त्याची स्वतःशीं ओळख सुरू झाली.

पुढें १५४८ मध्यें परमगुरु पोप तिसरे पॉल ह्यांनीं मान्य केलेल्या आपल्या 'आध्यात्मिक साधना' ग्रंथांत तो म्हणतो कीं, शेजाऱ्याच्या बोलण्याचा होतां होईतों चांगलाच अर्थ घ्यावा. न घेतां आला, तर त्यालाच विचारावें. हें विचारणेंच आम्हांस जड जातें!

आमच्याच वाडींतील एका वृद्ध गृहस्थांनीं मिस्सेनंतर आमच्या नमस्कारास उत्तर देणें सोडलें. त्यांस गर्व झाला, असें आम्हीं वर्षभर म्हटलें. आणि खरें सांगावयाचें तर, तसें म्हणण्यांतही एक कोरडी गोडी होती. अखेर विचारलें. त्यांचा डावा कान पार गेला होता, आणि देवळांतून निघतांना आम्ही नेहमीं त्याच बाजूस असूं. आम्हींच त्यांस टाकलें, असें तेही समजून बसले होते.