लॉरीची आठवण कोण ठेवणार?

जुन्या मोटारींची रॅली निघाली की रस्त्याच्या दुतर्फा गर्दी जमते. संस्थानिकांच्या रोल्स-रॉईस, ब्यूक, कॅडिलॅक झळाळत जातात. त्या रांगेत लॉरी मात्र क्वचितच दिसते. धरणाचे सिमेंट, कारखान्याचा ऊस, कापसाच्या गाठी वाहिल्या त्या तिनेच!

दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने विक्रीला काढलेल्या ‘डिस्पोजल’च्या गाड्या घेऊन अनेकांनी वाहतुकीचा धंदा मांडला. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, फार्गो येऊ लागल्या. १ जून १९४८ला पुण्याहून अहमदनगरला गेलेली पहिली एस.टी. होती बेडफर्ड. १९५४मध्ये टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज आली. १९६९मध्ये करार संपला, तिच्या नाकावरचा तीन टोकांचा तारा गेला आणि तिथे ‘टी’ आला. जुने ड्रायव्हर मात्र तिला नंतरही ‘मर्सिडीज’च म्हणत.

या गाड्या चालवणे हे कसब होते. पॉवर स्टीअरिंग नाही; वळणावर चाक दोन्ही हातांनी ओढायचे. गिअर उतरवताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा रेस, पुन्हा क्लच, मग खालचा गिअर. हाच ‘डबल क्लच’. इंजिनाचा आवाज कानाने ओळखायचा. चुकले की दातावर दात घासून खडखडाट. बोरघाट ज्या गिअरात चढायचा त्याच गिअरात उतरायचा, कारण नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवला तर ते तापून निकामी होत. आणि चढावर गाडी थांबलीच, तर चाकामागे दगड लावायला क्लीनर आधीच उडी मारून तयार!

मोटार हौसेने जपली जाते. लॉरी मरेपर्यंत राबते, मग भंगारात जाते. २०२१मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. ते खासगी दुचाकी आणि मोटारींसाठी. मालवाहू लॉरीला त्यात जागा नाही. म्हणजे एखाद्याने जुनी फार्गो सावरून उभी केली, तरी त्या नोंदणीचा आधार तिला मिळत नाही. नियम बदलावा, ही मागणी चाहत्यांनी लावून धरायला हवी.

पण नियमाची वाट न पाहता एक काम आपल्या हातात आहे. गाडी गेली तरी ती चालवणारी, दुरुस्त करणारी माणसे अजून आपल्यात आहेत. बहुतेकांनी सत्तरी ओलांडली आहे. आपल्या गावातल्या अशा आजोबांजवळ बसा. त्यांचे जुने परवाने, फोटो पाहा. कोणता घाट, कोणता माल, किती दिवसांची फेरी, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. लोखंड वितळवून पुन्हा लोखंड मिळते. ही माहिती एकदा गेली की गेली.