मोत्यांची कुडी : एक घरगुती उद्योग

(महिला बचत गटांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



नथ काय किंवा कुडी काय, तारेत ओवलेला मोती हाच या अलंकारांचा प्राण होय. पूर्वी इराणच्या आखातातील मोती मुंबईच्या बाजारात येत. 'बसरा मोती' म्हणून त्यांची ख्याती होती. १८९३ साली जपानमध्ये मिकिमोतो यांनी शिंपल्यात मोती वाढविण्यात यश मिळविले. आज काचेचे मोतीही सहज मिळतात. त्यामुळे एके काळी सोनाराच्या पेढीवरच होणारे हे काम आता ओसरीवर बसून करता येते.

कुडीची रचना मोठी शहाणपणाची आहे. मध्ये एक मोती, भोवती सहा. सातही एकाच आकाराचे असले, तर बाहेरचे सहा मधल्याला आणि परस्परांना बरोबर टेकतात. एखादा लहान निघाला की फट पडते आणि तार कितीही आवळली तरी ती बुजत नाही. म्हणून निम्मे काम मोती निवडण्यातच आहे. तांदूळ निवडणाऱ्या हातांना ते निराळे शिकवावे लागत नाही.

चार मिलिमीटरचे मोती आणि सोनेरी मुलाम्याची ०.३ मिलिमीटर जाडीची तार हातभर घ्यावी. सहा मोती ओवून तार पहिल्या मोत्यातून पुन्हा काढली की कडे तयार होते. मग तार मध्ये आणून सातवा मोती ओवावा, समोरच्या बाजूस न्यावी आणि दर दोन मोत्यांमधील फटीत एकेक वेढा द्यावा. उरलेली टोके मागे फिरकीच्या दांडीला गुंडाळावीत. तार एकाच जागी वारंवार वाकविली म्हणजे कडक होऊन तुटते. आणि ती तुटते बहुधा शेवटच्या वेढ्याला!

कानात जाणारी दांडी ही काटकसरीची जागा नव्हे. निकेलमुळे काहींच्या कानाची पाळी खाजते, चिघळते. निकेलविरहित दांडी थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी, आणि तारेचे प्रत्येक टोक कानशीने घासून आत दाबावे.

खरे नुकसान होते ते भाव ठरविताना. समजा, एका जोडाला २५ रुपयांचे साहित्य आणि पाऊण तास लागला. दुकानदार "घरीच तर करता" असे म्हणून ४० रुपये देऊ करतो. हाती उरले १५, म्हणजे तासाला अवघे २० रुपये. फुटलेले मोती आणि बाजाराची खेप यांत धरलेलीच नाही. गटाने साहित्य एकत्र घेतल्यास खर्च उतरतो. 'उमेद' अभियानाच्या 'महालक्ष्मी सरस'सारख्या प्रदर्शनांत माल थेट ग्राहकाच्या हाती जातो. परंतु आपल्या तासाचे मोल जिने मांडलेच नाही, तिला तेथेही भाव सांगताना संकोच होतो.

आज घरी गेल्यावर प्रत्येकीने घड्याळ समोर ठेवून एक जोड करावा आणि लागलेली मिनिटे वहीत लिहून आणावीत. उद्याचा वर्ग त्या वहीपासून सुरू होईल.