पडद्यावरचा बाण

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमच्या राहाता परिसरात पत्ता सांगायची एक रीत आहे. 'नगर-मनमाड रस्त्यानं या. फाट्यावर वळलात की चारीच्या कडेकडेनं चला. पेरूच्या दोन बागा सोडल्या की निळी टाकी दिसंल, तीच आमची वस्ती.' यात रस्त्याचं नाव नाही, घर क्रमांक नाही, किलोमीटर तर नाहीतच. तरी पाहुणा बरोबर येतो. अडलाच तर रस्त्यात कुणालाही विचारतो. आता त्याच पाहुण्याच्या गाडीत सात-आठ इंचांचा पडदा आला आहे. त्यावर निळी रेघ असते, रेघेवर बाण असतो आणि एक बाई कुठं वळायचं ते सांगत असते. काच खाली करून विचारणारा माणूस कमी झाला. माझ्या गाडीतही असा पडदा आहे. गाडी जुनी घेतलेली, पडदा मात्र कंपनीनंच बसवलेला. तीन वर्षं मी तो वापरतो आहे, त्याबद्दल थोडं बोलतो.

त्या बाणाला आपण कुठं आहोत हे कळतं कसं? पुष्कळांना वाटतं, वरून उपग्रह आपल्याकडं बघतो. तसं नाही. उपग्रह फक्त वेळ सांगतात. अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं. 'मी अमुक जागी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले' एवढाच निरोप तो सतत पाठवतो. हा निरोप आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा हिस्सा लागतो. किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं, आणि निदान चार उपग्रहांची अंतरं जुळली की आपली जागा निघते. हिशेब किती नाजूक आहे बघा. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं चुकलं, तर अंतर ३०० मीटरनी चुकतं. उपग्रहातलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळाच्या मानानं दिवसाला अशा ३८ भागांनी पुढं जातं. आइन्स्टाइनचा सापेक्षतेचा सिद्धांत धरून ते दुरुस्त केलं नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरची चूक पडेल. म्हणजे राहात्यात उभी असलेली गाडी शिर्डीच्याही पलीकडं दिसेल!

सुरुवातीला ही अचूकता सामान्यांना मिळत नव्हती. अमेरिकी लष्कर नागरी संदेशात मुद्दाम घोळ घालत असे. मे २००० मध्ये तो बंद झाला आणि शंभरेक मीटरची चूक दहा-वीस मीटरवर आली. गाडीतल्या पडद्याचा धंदा खरा वाढला तो त्यानंतर. पडदा मात्र त्याआधीचा आहे. होंडा कंपनीनं १९८१ साली जपानमध्ये अशी यंत्रणा आणली, तेव्हा तिचा उपग्रहाशी संबंधच नव्हता. गाडी किती चालली आणि कुठं वळली हे मोजून जागा काढायची, आणि नकाशाचे पारदर्शक तक्ते हातानं बदलायचे. ही जुनी युक्ती आजही गाडीतल्या यंत्रणेच्या पोटात आहे, आणि मोबाइलपेक्षा ती सरस ठरते ती इथंच. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळ जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. त्यात उपग्रहाचा निरोप पोचत नाही. पण गाडीच्या यंत्रणेला चाकांचे फेरे कळतात, वळणं कळतात, त्यामुळं बाण चालत राहतो. शिवाय नकाशा यंत्रातच साठवलेला असल्यानं अकोल्याच्या डोंगरात मोबाइलची रेंज गेली तरी तो जात नाही.

हा गुण, आणि दोषही नेमका तोच. साठवलेला नकाशा म्हणजे जुन्या वर्षाचं पंचांग. माझ्या गाडीतला नकाशा २०१८चा. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. मी कोकमठाणला चढून छत्रपती संभाजीनगरकडं निघालो, तर पडद्यावर माझा बाण कोऱ्या रानातून चाललेला! बाई बिचारी इंग्रजीतून सांगत होती, 'शक्य होईल तिथं मागे वळा.' १२० किलोमीटर वेगमर्यादेच्या रस्त्यावर, मधे दुभाजक असताना! मी तिचा आवाज बंद केला. पण नवशिका चालक असता आणि घाबरून कडेला थांबला असता तर काय झालं असतं, हा विचार अजून जात नाही. नवा नकाशा भरता येतो. काही वर्षं तो फुकट मिळतो, मग पैसे पडतात. जुनी गाडी घेणाऱ्यानं टायर बघावेत, इंजीन बघावं, तसं नकाशा कोणत्या सालचा आहे हेही बघावं. सेटिंगमध्ये ते लिहिलेलं असतं.

नावांची तऱ्हा आणखी वेगळी. जुन्या नकाशात अहिल्यानगर सापडत नाही, अहमदनगरच लिहावं लागतं. रोमन अक्षरांत लोणीचा 'ण' जातो आणि प्रवरेची लोणी दिल्लीजवळच्या लोनीत मिसळते. त्याशिवाय पुण्याजवळ लोणी काळभोर आहेच. राहाता आणि राहुरी ही दोन तालुक्यांची गावं एकाच रस्त्यावर, आणि पहिली तीन अक्षरं टाकली की दोन्ही पडद्यावर हजर. पिंपरी निर्मळला निघालेल्या माणसानं यादीतली पहिली पिंपरी दाबली, तर बाण त्याला खुशाल चिंचवडकडं नेईल. म्हणून माझी एक सवय आहे. गाव निवडलं की निघण्याआधी पूर्ण रस्ता पडद्यावर लहान करून एकदा डोळ्यांखालून घालतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. अंतर आणि दिशा पटली तरच निघतो. दुसरं, 'सर्वांत जवळचा रस्ता' हा पर्याय मी कधी ठेवत नाही, 'लवकर पोचवणारा' ठेवतो. जवळच्या रस्त्याच्या नादात यंत्र चारीवरच्या कच्च्या वाटेलाही रस्ताच मानतं.

यंत्राला रेघ कळते, रेघेवर आज काय आहे ते कळत नाही. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याकडची काही मंडळी कळसूबाईला निघाली होती. रात्रीची वेळ, मोबाइलवरच्या नकाशानं अकोले तालुक्यातल्या कोतूळच्या पुलाचा रस्ता दाखवला. मुळा नदीवरचा हा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता. गाडी सरळ पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले, चालवणारा बुडाला. हा रस्ता पाण्याखाली जातो हे कोतूळच्या कोणत्याही माणसानं सांगितलं असतं. नकाशात तर पूल होताच, आणि तो खोटाही नव्हता. अंधारात, अनोळखी मुलखात, पडद्यावरची रेघ आणि काचेपुढचा रस्ता यांत फरक दिसला, तर काचेपुढचं खरं मानायचं आणि गाडी थांबवायची. हे मी घरातल्या तरुण मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो, आणि त्यांना त्याचा कंटाळा आला आहे हेही मला कळतं.

आता त्याच पडद्यावरची बाकीची करमणूक. गाणी, फोन, रेडिओ, मागं बघायचा कॅमेरा सगळं त्यातच. कॅमेरा उत्तम, अंगणात लहान मुलं खेळत असताना गाडी मागं घ्यायची तर त्याच्यासारखा सोबती नाही. पण रेडिओ? पूर्वी एक बटण होतं. रस्त्यावरची नजर न काढता हातानं चाचपून ते फिरवता येई. आता आकाशवाणी लावायची तर पडद्यावर तीन ठिकाणी बोट लावावं लागतं आणि तिन्ही वेळा बघावं लागतं. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. तीन सेकंद पडद्याकडं बघितलं की पन्नास मीटर गाडी आंधळी. आणि आमच्या रस्त्यावर उसाच्या हंगामात पन्नास मीटरवर काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. दोन ट्रॉल्या जोडलेला, मागं लाल दिवा नसलेला ट्रॅक्टर! हातातला मोबाइल चालकानं वापरायचा तो फक्त रस्ता बघण्यासाठी, आणि तोही लक्ष विचलित न होता, असं ऑक्टोबर २०२० पासूनचा नियम सांगतो. गाडीत बसवलेल्या पडद्याबाबत आपण स्वतःच तसा नियम घालून घ्यावा. जे काय दाबायचं ते गाडी उभी असताना, नाहीतर शेजारी बसलेल्यानं दाबावं.

या यंत्रणेचा मला सगळ्यांत मोठा वाटणारा उपयोग मात्र वस्तीवर राहणाऱ्यांना आहे, आणि तो फारसा कुणी करत नाही. रानातल्या घरी रात्री कुणाला छातीत दुखू लागलं, बाळंतपणाची वेळ आली, तर रुग्णवाहिकेला पत्ता काय सांगणार? निळी टाकी अंधारात दिसत नाही. एखादा मुलगा बॅटरी घेऊन फाट्यावर पळतो आणि तोवर गाडी पुढच्या फाट्यावर गेलेली असते. आमच्या शेजारच्या वस्तीवर एकदा अशी वीस मिनिटं गेली. आजोबा वाचले, पण ती वीस मिनिटं आम्ही सगळे चारीच्या कडेला उभे राहून काढली आहेत. दूर हमरस्त्यावर गाडीचा दिवा दिसत होता, तो येत होता आणि परत जात होता.

त्यावर उपाय आकड्यांचा आहे. राहाता गाव साधारण १९.७ अंश उत्तर अक्षांश आणि ७४.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. दशांशचिन्हापुढं चार आकडे घेतले की दहा-अकरा मीटरपर्यंतची जागा ठरते, म्हणजे आपलं अंगणच. गाडी दारात उभी करून पडद्यावर 'सध्याची जागा' बघितली की हे दोन आकडे मिळतात. मोबाइलच्या नकाशावर घरावर बोट दाबून धरलं तरी मिळतात. ते लिहून ठेवायचे. फोनवर सांगताना अक्षांश आधी, रेखांश नंतर, आणि समोरच्याकडून एकदा परत म्हणवून घ्यायचे. त्याच्याजवळ यंत्र नसेल तर निळी टाकी आहेच.

आजोबांच्या त्या रात्रीनंतर आमच्या चारीवरच्या अकरा घरांचे आकडे आम्ही दोन रविवारांत काढले. प्रत्येक घरी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ते दाराच्या आतल्या बाजूला, विजेच्या बटणांशेजारी लावले आहेत. आजोबांना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून त्यांच्या नातीनं ते तोंडपाठ केले आहेत. ती तिसरीत आहे.