व्हेपची एक्साइज कुठे भरायची?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातले एकदोन तुकडे नीट केले आहेत, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग एका मेसेजवर आहे. वसमतचा एक श्रोता विचारतोय: "दादा, जीएसटी नंबर आहे, इम्पोर्ट-एक्सपोर्ट कोड पण काढलाय. बाहेरून व्हेप मागवून इकडे विकायचे आहेत. एक्साइज कुठे भरायची, हिंगोलीत का नांदेडला? माल वडिलांच्या हळदीच्या गोडाऊनमध्ये ठेवीन. सप्लायर टोकन मागतोय, लवकर सांगा."

भाऊ, टोकन देऊ नको. आता बाकीचं निवांत ऐक.

एक्साइज हिंगोलीतही भरायची नाही आणि नांदेडलाही नाही, कारण भारतात व्हेपचा धंदाच बंद आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारनं अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात संसदेचा कायदा झाला. बनवणं, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात, सगळ्यावर बंदी. 'इथं बनवतो आणि फक्त बाहेर पाठवतो' हा रस्ताही बंद. पूर्ण मशीन नको, नुसते सुटे भाग आणतो म्हणाल, तर कायद्यात 'त्याचा कोणताही भाग' असं स्पष्ट लिहिलंय. आणि 'आमच्यात निकोटीन नाही, फक्त फ्लेवर आहे' हे तर मी इतक्यांदा ऐकलंय! व्याख्येतच आहे की निकोटीन असो वा नसो. ई-हुक्का पण त्यातच येतो.

आता या मुलाचा गोंधळ झाला कुठे, ते सांगतो, कारण तो एकट्याचा नाहीये. सप्लायरनं त्याला एक पीडीएफ पाठवली. कोणी तयार करायचं, कोणी आयात करायचं, नोंदणी कशी, पाकिटावर स्टॅम्प कसा, सगळं व्यवस्थित. मी उघडून पाहिलं तर ती ब्रिटनची निघाली. तिथं व्हेप कायदेशीर आहे, म्हणून तिथल्या सरकारनं १ ऑक्टोबर २०२६ पासून व्हेपच्या द्रवावर ड्यूटी ठरवली, दर १० मिलीला २ पौंड २० पेन्स. उत्पादकानं, आयातदारानं आधी मंजुरी घ्यायची, मग ड्यूटीचा स्टॅम्प लावायचा. कागद खरा आहे हो, पण तो देश वेगळा. तिकडची ड्यूटी भरली म्हणून इकडच्या कस्टम्समध्ये माल सुटत नाही. आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्येच परकीय व्यापार महासंचालनालयानं आयातीवर बंदीची अधिसूचना काढली. बंदीचा माल आला की कस्टम्स कायद्याखाली तो जप्त होऊ शकतो, वर दंड वेगळा.

दुसरा गोंधळ कोडचा. कस्टम्सच्या टॅरिफमध्ये व्हेपच्या यंत्राला नंबर आहे, ८५४३ ४० ००. मुलं गूगल करतात, नंबर दिसतो, आणि वाटतं, नंबर आहे म्हणजे चालतंय की. तसं नसतं. ते आकडे जगभर जवळपास सारखे असतात, कुठला माल कुठल्या रकान्यात मोडतो एवढंच ते सांगतात. आणायला परवानगी आहे का, हे वेगळ्या ठिकाणी बघायचं, आणि तिथं 'प्रतिबंधित' लिहिलंय. जीएसटी नंबरचंही तेच. तो तुमच्या धंद्याची करासाठी नोंद आहे. त्या धंद्याला परवानगी मिळाली असं त्यातून निघत नाही.

तिसरा गोंधळ 'एक्साइज' या शब्दाचाच. आपल्याकडे एक्साइजचं ऑफिस म्हटलं की राज्य उत्पादन शुल्क, म्हणजे दारूचं खातं डोळ्यापुढे येतं. तंबाखूची एक्साइज केंद्राची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बहुतेक वस्तूंवरची केंद्रीय एक्साइज गेली, तंबाखूवर मात्र राहिली. म्हणजे कोणी जर्दा बनवत असेल तर त्याला नोंदणी, रिटर्न, सगळं आहे. व्हेपवाल्याला भरायला फॉर्मच नाही. त्याच्याकडे येणार ते पोलीस, उपनिरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी. आणि गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे वॉरंटशिवाय अटक होऊ शकते.

मग कोणी म्हणतं, गुटखा बंद आहे तरी मिळतोच ना? मिळतो, मला पण दिसतो. पण गुटख्याची महाराष्ट्रातली बंदी २०१२ पासूनची, अन्नसुरक्षा कायद्याखाली राज्याच्या आदेशानं आलेली, आणि तो आदेश पुन्हापुन्हा काढावा लागतो. व्हेपची बंदी संसदेच्या कायद्यानं, सगळ्या देशात. 'पलीकडच्या राज्यात बिल फाडलंय' हे सांगायलाही जागा नाही.

शिक्षा ऐका. पहिल्या वेळी १ वर्षापर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. इन्स्टावर स्टोरी टाकून 'डीएम करा' म्हणणारे, तुम्ही जाहिरातीत आलात. मुंबईहून पार्सल घेऊन येणारा मित्र वाहतुकीत आला.

आणि गोडाऊन. मला सगळ्यात जास्त हेच खटकलं. साठवणुकीचं कलम वेगळं आहे. जागेचा मालक किंवा ताबेदार, त्यानं माहीत असून साठा ठेवू दिला तर ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वसमतच्या हळदीला जीआय मिळालंय, त्या हळदीच्या गोण्यांमागं ही खोकी. बापानं 'ठेव बाबा कोपऱ्यात' म्हटलं आणि त्याला खोक्यात काय आहे ते ठाऊक असलं, तर कलम त्याच्यावर लागतं. उद्या पंचनामा झाला तर त्यात गोडाऊनच्या मालकाचं नाव येणार.

बंदी बरोबर का चूक, यावर माझं मत विचाराल तर माझं मन थोडं दुहेरी आहे. ब्रिटनमध्ये स्टॅम्प आहे म्हणून बाटली कोणी बनवली ते शोधता येतं. आपल्याकडे चोरून येणाऱ्या बाटलीत काय आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. पण शाळेबाहेर आंब्याच्या वासाचा धूर सोडणारी पोरं पाहिली की बंदीवाल्यांचंही पटतं. ही चर्चा संसदेत व्हावी. गोडाऊनमधल्या खोक्यांना तिचा काही उपयोग नाही.

एक गंमत सांगतो. या कायद्यात व्यापाऱ्यासाठी 'कम्प्लायन्स' एकच होतं. २०१९ ला ज्याच्याकडे जुना साठा होता त्यानं यादी करायची आणि यादीसकट माल जवळच्या अधिकाऱ्याच्या कार्यालयात नेऊन द्यायचा. बस. ज्या कोणाकडे अजून काही पडलंय, त्यानं विकून मोकळं व्हायचा विचार करू नये, आधी वकिलाला गाठावं.

जाता जाता, कळमनुरीहून एक प्रश्न आलाय: मामाच्या मेडिकलमध्ये निकोटीनचं च्युइंगम आहे, ते पण यात येतं का? नाही येत. एक तर ते यंत्र नाही, वाफ नाही. शिवाय औषध कायद्याखाली परवाना असलेली उत्पादनं या व्याख्येतून वगळलेली आहेत. मामाला निवांत झोपू दे.