ऐकणाऱ्याचा हुंकार

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आजी गोष्ट सांगते, तेव्हा तिची एक अट असते. ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. तो थांबला की आजी विचारते, "झोपलास का रे?" उत्तर आलं नाही, तर राजा जंगलातच राहतो आणि गोष्ट तिथंच थांबते. शाहिराला झीलकऱ्यांची साथ लागते. कीर्तनकारबुवा समोरच्या माना डोलताना पाहून आख्यान रंगवतात. मंडळी पेंगू लागली, तर आवरतं घेतात.

पण बोलणाऱ्याला समोर माणूसच दिसत नसेल तर? आकाशवाणीवर बोलणाऱ्याची ही अडचण जुनीच आहे. आज ती घरोघर गेली आहे. आपला आवाज मुद्रित करून इंटरनेटवर ठेवायचा आणि ज्याला हवा त्यानं, हवा तेव्हा तो मोबाईलवर ऐकायचा, याला पॉडकास्ट म्हणतात. २००४ सालापासून हा शब्द रूढ झाला. कुणी गुरुजी शाळा सुटल्यावर विज्ञानाच्या गोष्टी सांगतात, कुणी बाई माहेरच्या बोलीतल्या ओव्या म्हणून दाखवतात. हौसेनं हे करणाऱ्यांना पैसा मिळत नाही. टिपण काढायचं, बाहेर कुत्रं भुंकलं की पुन्हा बोलायचं, चुकलेलं कापायचं. वीस मिनिटांच्या बोलण्यामागं दोन-तीन संध्याकाळी सहज जातात.

आपण म्हणाल, "किती लोकांनी ऐकलं याचा आकडा त्यांना कळतो ना?" कळतो. पण कार्यक्रम किती फोनांवर उतरला, एवढंच तो बहुधा सांगतो. पुष्कळ फोन नवा भाग आपोआप उतरवून घेतात आणि तो न ऐकता पडून राहतो. वर्तमानपत्र दारात पडलं म्हणजे ते वाचलं गेलं असं थोडंच आहे?

या संबंधात आपल्याच मुलखातला एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. १९५६ साली आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रवणमंडळं काढली. आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र ऐकत, मग चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरं मिळत. काही गावांत रेडिओ होता, पण मंडळ नव्हतं. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरॅथ यांनी पाहणी केली, तेव्हा मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत कितीतरी अधिक भर पडलेली दिसली. म्हणजे हुंकार देणं हे बोलणाऱ्यावर उपकार करणं नव्हे. त्यानं ऐकणाराही जागा राहतो.

मग दाद द्यायची कशी? नुसतं "छान" म्हणून भागत नाही. कोणती गोष्ट उपयोगी पडली ते सांगावं. "बियाण्याला औषध चोळण्याची रीत ऐकून तसं करून पाहिलं," एवढं एक वाक्य शंभर शाबासक्यांपेक्षा मोलाचं. चुकलं असेल तर तेही सांगावं: "प्रमाण फार भरभर सांगितलंत, लिहून घेता आलं नाही." त्यानं बोलणारा सुधारतो. शिक्षकबंधूभगिनींनी वर्गात एखादा भाग ऐकवावा आणि मुलांकडून चार ओळींचं पत्र लिहवून घ्यावं. मुलांना लिहिण्याचा सराव होईल आणि कुठंतरी एका माणसाला पुढचा भाग करावासा वाटेल.

हौसेनं बोलणाऱ्याला पगार नाही आणि हुकूमही नाही. म्हणूनच तो थांबतो तेव्हा गाजावाजा होत नाही. एका आठवड्याला भाग येत नाही, मग दुसऱ्याला नाही, आणि आपल्या बोलीत आपल्या गावची गोष्ट सांगणारा एक आवाज कमी होतो. त्याच्या जागी दुसरा लगेच येतो असंही नाही.

तेव्हा श्रोतेहो, गोष्ट पुढं जावी असं वाटत असेल, तर 'हूं' म्हणायला विसरू नका.